पाच सेंटीमीटर

चाळीस काडतुसं हातानं भरणं आणि चाळीस पापड लाटणं, यांत धम्मानंद वासनिकला हल्ली फारसा फरक वाटेनासा झाला होता. सकाळी साडेआठला काट्यापुढे बसायचं. बंदुकीची दारू कण-कण करून तोलायची, पितळी पुंगळीत ओतायची, वर गोळी बसवायची, प्रेसचा दांडा खाली ओढायचा आणि पुढची पुंगळी घ्यायची. पापड निदान तळल्यावर फुलतो. इथं तीन आठवडे झाले, काही म्हणता काही फुलत नव्हतं.

सिंगापूरमधल्या जू कूनच्या एका औद्योगिक इमारतीच्या तळघरात ही लॅब होती. काम एकच. माणसं अंगात घालतात त्या बुलेटप्रूफ प्लेटांवर गोळ्या झाडायच्या आणि प्लेट टिकली की नाही ते लिहून द्यायचं. आता कुणी म्हणेल, मग बाजारातली तयार काडतुसं काय वाईट? वाईट काही नाहीत, पण त्यातली एक गोळी जोरात जाते, दुसरी जरा मागं पडते. परीक्षेला ते चालत नाही. गोळी हळू गेली आणि प्लेटनं अडवली, तर त्यात प्लेटचं काय कौतुक? जास्त जोरात जाऊन आरपार झाली, तर त्यात प्लेटचा काय दोष? वेग ठरलेल्या पट्ट्यातच हवा आणि गोळी प्लेटवर पेनानं काढलेल्या गोलातच बसायला हवी. म्हणून प्रत्येक काडतूस हातानं भरायचं, आणि भरायचं धम्मानंदनं.

त्याचा हात चांगला होता, हे कुणीही कबूल केलं असतं. नागपूरजवळच्या दारूगोळा कारखान्यात चौदा वर्षं काढून तो २०११ मध्ये सिंगापूरला आला होता. लॅबचे मॅनेजर शैलेंद्रसर पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना म्हणायचे, “ह्यांच्या हातची गोळी म्हणजे डोळे मिटून घ्यावी.” बोलायची पद्धत, दुसरं काय. पण धम्मानंदला ते ऐकून बरं वाटायचं.

आणि त्याच धम्मानंदचा नेम बिघडला होता. म्हणजे तसा नेम बंदुकीचा. ती तर लोखंडी बैठकीत आवळून बसवलेली, कुणाचा हात थरथरायचा प्रश्नच नाही. पूर्वी पाच गोळ्या झाडल्या की कागदावर पाचही भोकं दहा सेंटच्या नाण्याखाली झाकली जायची. आता ती बशीएवढ्या जागेत विखुरत होती. बरं, वेग पाहावा तर चोख! वेग मोजणाऱ्या टायमरचा आकडा अगदी पट्ट्याच्या मधोमध. वेग बरोबर आणि नेम चुकीचा, असं हे विचित्र दुखणं होतं आणि त्यानं धम्मानंदच्या नाकी नऊ आणले होते.

त्यानं काय करून पाहिलं नाही? बंदुकीची नळी ब्रशनं घासून घासून काढली. पुंगळ्या एकेक करून तोलल्या आणि वजनाप्रमाणे वेगळ्या डब्यांत घातल्या. गोळी केसभर आत, केसभर बाहेर बसवून पाहिली. पुंगळीची मान गोळीला नीट आवळते की नाही ते तपासलं. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरची पेटी बदलली. सिंगापूरची दमट हवा दारूला लागली असेल, म्हणून शैलेंद्रसरांच्या घरचं कॅमेरे ठेवायचं कोरडं कपाटसुद्धा उचलून आणलं. बुकित तिमाहच्या त्यांच्या कॉन्डोतून ते टॅक्सीत घालून आणताना पाठीत उसण भरली ती वेगळीच. आणि एवढं सगळं होऊन भोकं आपली बशीएवढीच.

“तू काय करून राहिला? भात थंड होऊन राहिला ना,” बुधवारी संध्याकाळी प्रियदर्शिनी म्हणाली. त्याची बायको. दिवसभर ती दुसऱ्या एका लॅबमध्ये पेशी वाढवायची आणि चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आली की नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघायची.

“कळत नाही गं. सगळं बरोबर आहे आणि तरी चुकतंय.”

“मग जे बरोबर आहे म्हणतोस ना, ते बघ. माझ्याकडे असंच होते. ज्या बाटलीवर आपला भरवसा असते, नेमकी तीच सडलेली निघते.”

“टायमर आत्ता जुलैत तपासून आलाय.”

“मी काही टायमर म्हटलं नाही बाप्पा. जेव आधी.”

जेवता जेवता मुलीनं, जाईनं, विचारलं, “पप्पा, जानेवारीत आपला पास रिन्यू होणार ना? माझी फ्रेंड म्हणते, शुअर कॅन ला.” धम्मानंदही तिच्याच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “शुअर कॅन.” दहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार? एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, कंपनीच्या पत्रावर, कंपनीचं पत्र शैलेंद्रसरांच्या शब्दावर, आणि शैलेंद्रसर गेले तीन आठवडे रोज तळघरात डोकावून “काही प्रगती?” एवढंच विचारून जात होते. अंथरुणाला पाठ टेकली तरी त्याला झोप लागेना. कंटाळा आला होता, नुसता कंटाळा. अंगातलं सगळं कुणीतरी पिळून काढल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी तीन वाजता प्रतापराव येणार होते. प्रताप मोहिते, खटावकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता ते समुद्री चाच्यांपासून मालवाहू जहाजांचं रक्षण करणाऱ्या एका कंपनीत होते. बंदूक घेऊन जहाजावर चढणाऱ्या माणसांच्या तुकड्या ते तयार करायचे. त्यांच्या माणसांसाठी घेतलेल्या प्लेटा ऑक्टोबरमध्ये धम्मानंदनंच तपासून पास केल्या होत्या. पहिल्या आठ प्लेटा, म्हणजे चार माणसांच्या छातीच्या आणि पाठीच्या, महिन्याच्या सुरुवातीलाच गेल्या होत्या. साठ प्लेटांची खोकी अजून लॅबच्या स्टोअरमध्ये होती, ती न्यायला ते येणार होते.

गुरुवारी सकाळी धम्मानंदनं पाच गोळ्या झाडल्या. वेग मधोमध, भोकं बशीभर. त्यानं कपाळाला हात लावला, स्टुलावर बसला आणि करायला काही उरलं नाही म्हणून झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायला लागला.

पुंगळ्या काळ्या होत्या.

म्हणजे सगळ्या नव्हेत, फक्त मानेपाशी. तिथून खाली काजळीचे ओघळ आले होते. त्यानं एक पुंगळी उचलून दिव्याखाली धरली. कारखान्यात त्याचे एक फोरमन होते, ते कागद नंतर वाचायचे, आधी पुंगळी वाचायचे. दारू पुरेशी असली की आत असा दाब होतो की पितळ फुगून नळीला गच्च चिकटतं आणि धूर मागं यायला जागाच राहत नाही. दारू कमी पडली की पितळ नीट फुगत नाही आणि धूर मानेवरून मागं येतो. एवढं साधं. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या महिन्यात सांगतात.

म्हणजे दारू कमी होती. आणि दारू कमी, तर वेगही कमी. पण टायमर तर म्हणत होता, वेग चोख आहे.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि पितळाला खोटं बोलता येत नाही.

धम्मानंद उठला. बंदुकीच्या पुढं एक लोखंडी रूळ होता आणि रुळावर दोन चौकटी. पहिल्या चौकटीतून गोळी गेली की टायमर सुरू, दुसरीतून गेली की बंद. दोन चौकटींमध्ये बरोबर दोन मीटर अंतर. त्याला लागलेल्या वेळानं भागलं की वेग. रुळाला दर पाच सेंटीमीटरवर भोकं होती आणि चौकट त्यात पिनेनं अडकवलेली असायची. त्यानं भिंतीवरची दोन मीटरची पट्टी काढली आणि दोन्ही चौकटींच्या मध्ये धरली.

पट्टी मावेना.

त्यानं पुन्हा धरली. अहो, लोखंडाची पट्टी, ती काय वाढणार आहे? पाच सेंटीमीटर बाहेरच राहिली. पुढची चौकट एक भोक मागं बसली होती. गोळीला कमी अंतर कापावं लागत होतं, म्हणून वेळ कमी लागत होता, आणि टायमर बिचारा दोन मीटर धरून वेग जास्त दाखवत होता. सेकंदाला वीस मीटर जास्त. त्यानं पिन उपसली तर पिनेच्या टोकाला लाल पूड लागलेली. बोटावर घेऊन पाहिली, तर कुंकू!

आणि मग त्याला सगळं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते सगळं तिथंच होतं, त्यानं फक्त त्याकडे बघितलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी शैलेंद्रसरांनी लॅबमध्ये यंत्रांची पूजा घातली होती. दरवर्षी घालायचे. प्रेसला हळदकुंकू, काट्याला फूल, बंदुकीला झेंडूची माळ. धम्मानंद बौद्ध, तो अशा वेळी शांतपणे उठून वरच्या कॉफीशॉपमध्ये जायचा आणि एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिऊन तासाभरानं परत यायचा. कधी कुणी त्याला काही म्हटलं नाही, त्यानंही कधी कुणाला म्हटलं नाही. त्या शुक्रवारी तो परत आला तेव्हा दोन्ही चौकटींच्या पायाशी झेंडूची फुलं होती, तांदूळ होते आणि पुढच्या चौकटीला टेकून नारळ ठेवला होता.

सोमवारी सकाळी तपासणीची वही भरायची होती. पाच ओळी, पाच टिका. तिसरी ओळ होती, ‘चौकटींमधलं अंतर मोजलं.’ मोजायचं तर नारळ उचलावा लागला असता, फुलं बाजूला सारावी लागली असती. पट्टी हातात घेऊन तो दोन मिनिटं उभा राहिला. दुसऱ्याच्या देवाची फुलं आपण कशी सारायची? कुणी बघितलं तर म्हणेल, ह्यानं मुद्दाम सारली. त्यानं पट्टी परत भिंतीवर लावली आणि टिक केली. मंगळवारीही फुलं तिथंच होती. बुधवारी कुणीतरी झाडून नेली, पण तोवर हाताला सवय झाली होती. दोन वर्षांत ते अंतर एकदाही हललं नव्हतं, मग रोज काय मोजायचं? टिक, टिक, टिक.

आणि नशीब कसं बघा, त्याच सोमवारी त्यानं दारूचा नवा डबा फोडला होता. वेग अचानक वर गेलेला दिसला, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, नवा डबा जरा तिखट दिसतोय. त्यानं दारू कमी केली. आकडा जागेवर आला आणि तो खूश झाला. दारू कमी झाल्यामुळे बंदुकीला मानवणारा तोल गेला, गोळ्या विखरायला लागल्या, सुरुवातीचे चार आठवडे ते गोलात खपून गेलं, आणि मग हा शहाणा तीन आठवडे नळी घासत बसला.

नेमाचं जाऊ दे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रतापरावांच्या प्लेटा तपासल्या होत्या. याच चौकटींतून, याच हळू गोळ्यांनी.

धम्मानंद पिन आणि पट्टी घेऊन वर गेला.

शैलेंद्रसर चष्मा कपाळावर चढवून मेल वाचत होते. त्यानं सगळं सांगितलं. ते उठून त्याच्याबरोबर खाली आले, स्वतः पट्टी धरली, स्वतः भोकं मोजली आणि पुन्हा मोजली.

“नारळ नीट उभा राहत नव्हता,” ते म्हणाले. “म्हणून मी चौकट काढली, पुसली, आणि... मला वाटलं, होती तिथंच बसवली.”

“मला बोलवायचं होतं सर.”

“तुम्ही का बाहेर जाता ते मला ठाऊक आहे, धम्मानंद. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच नाही बोलावलं.”

“नारळ फोडायला नव्हतं बोलवायचं. चौकट हलवायला बोलवायचं होतं.”

त्याचा आवाज चढला होता. चार-पाच वर्षांत कधी चढला नव्हता. शैलेंद्रसरांचा चेहरा पडला, मग तेही चिडले.

“आणि तुम्ही सोमवारी फुलं बाजूला सारून माप घ्यायचं होतं! वहीत रोज टिक आहे तुमची. सात आठवडे!”

“हो. आहे.”

“का नाही घेतलंत?”

“तुमची फुलं होती,” धम्मानंद म्हणाला.

दोघं त्या रुळाच्या दोन बाजूंना उभे राहिले. दोन भली माणसं, एकमेकांचं मन राखता राखता केवढा घोळ घालून बसली होती! शैलेंद्रसरांनी चष्मा पुसला.

“हे बाहेर कसं सांगायचं?” ते म्हणाले. “पूजेमुळे झालं म्हटलं तर लोक हसतील. आणि तुम्ही म्हणालात तर म्हणतील, ह्यांना पूजेचा राग आहे म्हणून म्हणतायत.”

“पूजा नाही आणायची मध्ये. टिक माझी आहे. मी न मोजता टिक केली. एवढंच सांगायचं.”

“तुमचा पास जानेवारीत आहे.”

“माहीत आहे सर.”

“थांबा जरा. अजून प्लेट नापास झालेली नाही. कदाचित खऱ्या वेगालाही टिकेल. नमुन्याच्या चार प्लेटा आहेत ना आपल्याकडे? आधी झाडून बघू. उगाच आधी बोंब कशाला?”

त्या बोलण्यात थोडं शहाणपण होतं आणि थोडी भीती होती. धम्मानंदला दोन्ही कळत होतं, पण त्यालाही तीच आशा होती, खोटं कशाला बोला? त्यानं चौकट एक भोक पुढं नेली, पट्टी लावली. पट्टी बेताची बसली. मग तो काट्यापुढे बसला आणि दसऱ्यापूर्वी जेवढी दारू घालायचा तेवढीच तोलून सहा काडतुसं भरली. प्रत्येक वेळी काटा थांबेपर्यंत त्याला वाटायचं, हा आता कधी थांबणारच नाही.

मग प्लेट मातीच्या ठोकळ्यावर बांधली, पेनानं तीन गोल काढले, दार लावलं, दिवा लाल झाला.

पहिली गोळी. वेग पट्ट्याच्या मधोमध, आणि या वेळी खराखुरा. भोक गोलाच्या बरोबर मध्यभागी. दुसरीही तशीच. तीन आठवडे ज्याच्यासाठी त्यानं जीव काढला होता तो नेम असा न बोलावता परत आला होता. पुंगळ्याही बघा, मानेपाशी लखलखीत, काजळीचा ठिपका नाही. एरवी त्यानं शैलेंद्रसरांना टाळी दिली असती.

तिसरी गोळी गोलात बसली आणि प्लेटच्या पलीकडे गेली.

त्यांनी प्लेट सोडली. मातीत बोट जाईल एवढं भोक होतं आणि धम्मानंदचं बोट त्यात दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आत गोळीचं ऊन टोक लागलं. शैलेंद्रसर मटकन खुर्चीवर बसले.

“दुसरी प्लेट लावा,” ते म्हणाले.

दुसरी प्लेट दुसऱ्याच गोळीला फुटली.

दोन प्लेटा उरल्या होत्या आणि घड्याळात सव्वादोन झाले होते. धम्मानंद त्या दोन प्लेटांकडे बघत राहिला. मग त्यानं एक दुसरीवर ठेवली आणि दोन्ही मिळून ठोकळ्यावर आवळल्या.

“हे काय?” शैलेंद्रसरांनी विचारलं.

“चार माणसं ही प्लेट घालून जहाजावर आहेत सर. त्यांना नुसतं ‘नापास’ सांगून काय उपयोग?”

पहिल्या सहातलं एक काडतूस उरलं होतं, त्यानं आणखी दोन भरली. शैलेंद्रसर काट्याशेजारी उभे राहून आकडे वाचत होते, न सांगता. तीन गोळ्या, तिन्ही गोलात, तिन्हींचा वेग खरा. वरची प्लेट फुटली, खालची टिकली, मातीवर नुसते पोचे आले. तीन गोळ्यांवर जगात कुणी प्रमाणपत्र देत नाही. पण तेवढंच हातात होतं.

प्रतापराव बरोबर तीनला आले. फौजेची सवय. हातात केळीच्या वेफर्सची पिशवी होती, लिटल इंडियातून आणलेली. “काय साहेब, बरं हाय ना? लई उतरलाय की,” म्हणत ते स्टोअरकडे वळले. खोकी दारापाशीच रचलेली होती. त्यांनी वरचं खोकं उघडून एक प्लेट काढली, छातीवर धरली आणि वरून दोनदा थाप मारली.

“परवा दुसरी तुकडी निघते. सहा पोरं. एकाची बायको तर मला रोज फोन करती, भाऊजी, जाकीट चांगलं दिलंय ना म्हणून. म्हटलं, धम्मानंद साहेबांच्या सहीचं हाय. चालतंय ना साहेब?”

“नाही चालत, प्रतापराव,” धम्मानंद म्हणाला. “आम्ही चुकीचं पास केलंय. ती प्लेट गोळी अडवत नाही.”

प्रतापरावांना वाटलं, हा गंमत करतोय. ते हसलेसुद्धा. मग दोघांच्या तोंडाकडे बघून थांबले. धम्मानंदनं त्यांना तळघरात नेलं आणि फुटलेल्या प्लेटा दाखवल्या. चौकट चुकीच्या जागी होती, आपण न मोजता मोजली म्हणून लिहिलं, गोळ्या हळू जात होत्या, एवढं त्यानं चार वाक्यांत सांगितलं. नारळाचं नाव काढलं नाही.

“चौकट मी हलवली होती,” मागून शैलेंद्रसर म्हणाले. “यांना न सांगता.”

प्रतापरावांनी कुणाकडे बघितलं नाही. फुटलेल्या प्लेटमध्ये त्यांनी बोट घातलं आणि तसंच ठेवलं. शिव्या देतील, कॉलर धरतील, असं धम्मानंदला वाटत होतं आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, “पहिल्या तुकडीचा मनोहर हाय त्या जहाजावर. गाल बंदर सोडून तीन दिस झाले.” आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

तळघरात रेंज नव्हती. तिघं जिना चढून वर आले. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनला तीनदा लावल्यावर पलीकडून आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा. प्रतापरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यात त्यांना शब्द सुचेनात. त्यांनी फोन धम्मानंदच्या हातात दिला.

“मग काढून टाकू का प्लेटा?” मनोहरनं विचारलं. आवाज तिकडून इकडे यायला दोन सेकंद लागत होते.

“नका काढू. पाठीची प्लेट काढा आणि पुढं घाला. छातीवर दोन, एकावर एक. दोन मिळून गोळी थांबते, आत्ताच बघितलंय.”

“जाकिटाचा खिसा एकीच्याच मापाचा हाय.”

“मग वरून बांधा. टेपनं, दोरीनं, कशानंही. हलू देऊ नका.”

“आणि पाठीला?”

धम्मानंदनं शैलेंद्रसरांकडे पाहिलं. “पाठीला काही राहणार नाही,” तो म्हणाला.

दोन सेकंद गेले. मग आणखी दोन गेले.

“बरं. कळवलंत ते बरं केलंत,” मनोहर म्हणाला. “तुम्ही कोण बोलताय?”

“वासनिक. मीच तपासली होती. माझीच सही आहे. उशिरा कळवतोय मी, सात आठवडे उशिरा.”

“आम्हाला अजून कुणी गाठलं न्हाई ना? मग येळेतच की,” मनोहर म्हणाला, आणि तिकडून फोन ठेवला गेला.

धम्मानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, तेवढीही ताकद त्याच्यात नव्हती. शैलेंद्रसर म्हणाले, “मी तुमच्या ऑफिसला आत्ताच पत्र लिहितो, प्रतापराव. ह्या साठ परत घेतो. कारखान्याकडून दुसऱ्या मागवू.”

“कधी येतील दुसऱ्या?”

“पाच-सहा आठवडे तरी लागतील.”

“पोरं परवा चढणार साहेब. जहाज काय थांबतंय व्हय त्यांच्यासाठी?” प्रतापराव पुन्हा स्टोअरमध्ये गेले. खोक्यांपाशी उकिडवे बसले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. “सहा माणसं. पुढं दोन, मागं दोन. चोवीस लागतील. ह्या घेऊन जातो मी. दोन-दोन घालतील.”

“त्या नापास आहेत,” शैलेंद्रसर म्हणाले. “तशा मी बाहेर सोडू शकत नाही.”

“मग उघडं पाठवू? तसं लिहून द्या.”

धम्मानंद आत जाऊन टेबलावरचा जाड काळा पेन घेऊन आला. प्रतापरावांच्या शेजारी फरशीवर बसला, पहिल्या दोन प्लेटा पुढ्यात ओढल्या आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘एकटी घालू नये. दोन मिळूनच.’ खाली सही केली आणि तारीख घातली.

“मराठीत लिवलं ते बरं झालं,” प्रतापराव म्हणाले. “पण साहेब, चोवीस न्हाई, साठच्या साठांवर लिवा. मागनं दुसरी पोरं यायची हायेत.”

धम्मानंदनं तिसरी प्लेट ओढली. शैलेंद्रसर दारात उभे होते. थोड्या वेळानं ते आपल्या टेबलाकडे गेले, दुसरा पेन शोधून आणला, पँट वर ओढून त्याच्या समोर फरशीवर बसले आणि लिहून झालेल्या प्लेटा एकेक करून घ्यायला लागले. धम्मानंदच्या सहीखाली ते स्वतःची सही करत होते.

साठ प्लेटा व्हायला पाच वाजले.